महाबळेश्वरचा आणखी एक पॉइंट

वाई मागे टाकून एस. टी. पसरणीच्या घाटाला लागली, की आमच्या आईचे हात आपोआप जोडले जातात. तिचे माहेर वाईचे. ज्या कृष्णेत तिने लहानपणी धुणी पिळली, ती कृष्णा जिथून निघते ते क्षेत्र महाबळेश्वर पुन्हा एकदा पाहावे, एवढीच तिची इच्छा होती. २०२४ सालच्या दिवाळीत ती पुरी झाली. पण त्याआधी एका पॉइंटाची हकीकत सांगितली पाहिजे.

महाबळेश्वरला पॉइंटांचा तोटा नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास हे थंड हवेचे ठिकाण वसवले आणि मग साहेबलोकांनी एकेका कड्याला आपापली नावे देऊन टाकली : आर्थर, एल्फिन्स्टन, लॉडविक, केट. मुंबई पॉइंटावरून प्रतापगड दिसतो. धुके असले तर फक्त मक्याची कणसे भाजणारा दिसतो. मी ज्या पॉइंटांचा मालक आहे, ते मात्र कुठल्याच नकाशात नाहीत.

२०१८ साली पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही चिठ्ठी भरून टाकली होती. बक्षीस म्हणून रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण आले. जेवणाआधी तीन तास एका टाय लावलेल्या तरुणाने आम्हांला डोंगर, समुद्र आणि बर्फ दाखवले. खोली विकत घ्यायची नाही, पॉइंट घ्यायचे. दरवर्षी ते खात्यात जमा होणार, पंचवीस वर्षे! कल्पना काही त्याची नव्हे. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची संस्था निघाली, तीही अशीच : अनेकांनी मिळून निवास घ्यावेत आणि पॉइंटांच्या हिशेबाने आळीपाळीने वापरावेत. कल्पनेत वाईट काही नाही. तीन लाखांचे हप्ते बांधून आम्ही श्रीखंड खाल्ले आणि घरी आलो.

वर्गात एका ओवीतील एका शब्दावर मी तासभर बोलू शकतो. करार मात्र मी वाचला नाही. युरोपात २००८ च्या निर्देशानुसार अशा व्यवहारात ग्राहकाला विचार बदलायला चौदा दिवस मिळतात. आमच्या करारातही दहा दिवस होते. पण ते सतराव्या पानावर होते, आणि मी त्या पानापर्यंत पोहोचलो तेव्हा दुसरा हप्ता गेला होता.

पुढच्याच पानावर वार्षिक वर्गणी होती. तुम्ही जा अगर जाऊ नका, ती भरायची. वर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. पहिल्या वर्षी बारा हजार होती, २०२४ साली सतरा हजार दोनशे झाली. किती वाढावी ते ठरवणार ते, आणि न भरल्यास खोली बंद.

मग पॉइंटांचे खरे रूप कळू लागले. रुपया दिवाळीतही रुपयाच असतो. पॉइंटाचे तसे नाही. ज्या पॉइंटांत जुलैत सात रात्री मिळतात, त्यांतच दिवाळीत चार मिळतात. आणि प्राध्यापकाला सुटी केव्हा? दिवाळीत आणि मेमध्ये! जुलैत महाबळेश्वरला जाऊन पाहावे तरी काय? पाऊस असा, की समोरचा माणूस दिसत नाही. उरलेले पॉइंट पुढच्या वर्षी नेता येतात, पण थोडेच, बाकीचे बुडतात. ऐनवेळी बेत रद्द केला तर तेही बुडतात. परदेशी जायचे तर अदलाबदल करणाऱ्या निराळ्या संस्थेची निराळी फी. सोडून द्यावे म्हटले, तर परत मिळणारी रक्कम ऐकून मी टेलिफोन ठेवला. करारात वारस म्हणून आमच्या चिरंजीवांचे नाव आहे, हे त्यांना अद्याप माहीत नाही.

आमच्या सौभाग्यवतींनी एकदा दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तीन लाख भागिले पंचवीस, बारा हजार. वर्गणी करासह वीस हजार दोनशे शहाण्णव. चार रात्रींनी भागले : आठ हजार चौऱ्याहत्तर रुपये रात्रीला, आणि त्यात चहाचा कपही नाही. हप्त्यांचे व्याज तिने धरलेच नव्हते. मी म्हणालो, "हवापालटाची किंमत कशी करणार?" तिने वही मिटली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. ते पैसे मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले होते.

सहा वर्षे आईला आम्ही नेले नव्हते, कारण खोली चार माणसांची. कधी ती स्वतःच गुडघ्यांचे निमित्त सांगे, आणि आम्ही ते चटकन खरे मानत असू. २०२४ च्या दिवाळीत मी हट्टाने तिला घेतले. टेबलामागच्या मुलाने नम्रपणे विचारले, "आजी पाचव्या का, सर? जादा गादीचे दर रात्री पंधराशे होतील. जेवण वेगळे."

"मी खाली सतरंजीवर निजेन हो," आई त्याला म्हणाली. "मला गादी कशाला?"

त्याने सांगितले, की गादी न घेतली तरी आकार पडतोच. हे मात्र मी अठराव्या पानानंतरही वाचले नव्हते.

चार रात्री आई त्या गादीवर झोपली नाही. पैसे भरलेले आहेत असे तिला दहादा सांगूनही नाही. सकाळी आम्ही पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे पाणी तिथे गोमुखातून पडते. काळ्या दगडात गारवा इतका, की पाय बधिर होतात. आईने पदर खोचला, पाण्याखाली दोन्ही हात धरले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग पिशवीतून तांब्याची लहान कळशी काढली, ती भरता भरता थांबली आणि हळूच मला म्हणाली,

"ह्याचे काही द्यावे लागते का रे?"

"नाही गं," मी म्हणालो.

तिने कळशी काठोकाठ भरून घेतली.