पुतळा नसलेले स्मारक



"अगो, पण पुतळा कुठाय?" बसमधून उतरल्याबरोबर आमच्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंनी विचारले. प्रश्न रास्तच होता. आम्ही मुंबई-कोकणात वाढलेली माणसे. स्मारक म्हटले की डोळ्यांपुढे चौथरा येतो, त्यावर घोडा आणि घोड्यावर शिवाजी महाराज. इथे मात्र काँक्रीटचा उंच मनोरा, दुभंगलेला घुमट, लांबलचक बोगदा आणि वाकड्यातिकड्या भिंती. ना रंग, ना चेहरा.

बेर-शेवाच्या बाहेर टेकडीवरचे हे नेगेव ब्रिगेडचे स्मारक. १९४८ च्या युद्धात पालमाखची ही ब्रिगेड नेगेवच्या वाळवंटात लढली. तिचे ३२४ सैनिक कामी आले. त्या सर्वांची नावे काँक्रीटमध्ये कोरलेली आहेत. शिल्पकार दानी कारावान (१९३०–२०२१) यांनी १९६३ मध्ये हे काम हाती घेतले आणि १९६८ मध्ये ते पुरे झाले. कारावान यांचे वडील तेल अवीवच्या बागा आखीत असत. जमिनीकडे पाहण्याची दृष्टी मुलाला घरातच मिळाली असणार.

हे शिल्प की इमारत, असा वाद आमच्यात बसमध्येच सुरू झाला होता. वर गेल्यावर कळले की दोन्ही. नुसते समोर उभे राहून ते कळतच नाही. आत शिरावे, वाकावे, चढावे लागते. एकूण अठरा भाग आहेत. सुमारे वीस मीटर उंचीचा मनोरा म्हणजे पहाऱ्याचा बुरूज. त्याला जागोजागी भोके आहेत, जणू गोळ्यांनी चाळण झालेली. वारा त्यांतून शिरला की सूर निघतो. बोगदा म्हणजे पाण्याची पाइपलाइन. वाळवंटात पाणी म्हणजे जीव, आणि तिच्या रक्षणासाठी ही मुले लढली. मध्ये बाभळीच्या जातीची झाडेही आहेत. ऊन, वारा, झाडे, सगळे शिल्पातच धरलेले.

म्हणूनच हे स्मारक उचलून दुसरीकडे नेता येणार नाही. मुलांना समजावताना आम्हाला अलिबागजवळचा एलियाहू हन्नबीचा टापा आठवला. खडकातला तो ठसा तिथेच पाहायचा. कापून मुंबईला आणला, तर नुसता दगड उरेल!

तेवढ्यात मुले बोगद्यावर चढून बसली. आजीबाई रागावल्या, "खाली उतरा! मेलेल्यांच्या जागी कसला खेळ?" आम्हालाही ते पटले. पण मुलांनी चढावे, खेळावे हे खुद्द कारावान यांना हवे होते, असे कुणीतरी सांगितले. आजीबाई गप्प राहिल्या. पटले मात्र नव्हते.

मग एका नातवाने कोरलेली नावे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आमच्यातल्या पुष्कळांना आजही हिब्रू अक्षरे जुळवत वाचावी लागतात. तो भराभर वाचत होता, आम्ही ऐकत होतो. आजीबाई काठी टेकत जवळ आल्या. एका नावावर बोट फिरवून म्हणाल्या, "सावकाश वाच रे. गाडी सुटत नाही आपली." मग त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचले. बाकीची मुलेही आपणहून खाली उतरून त्याच्याभोवती उभी राहिली.

परत येताना आजीबाई म्हणाल्या, "पुतळ्याला हार घातला की आपण मोकळे. इथे नावे वाचत बसावं लागतं." खेळाबद्दल मात्र त्यांचे मत बदलले नाही, आणि आम्हीही वाद घातला नाही.

जाणाऱ्यांसाठी सूचना: भर दुपारी जाऊ नये, काँक्रीट तापते. टोपी, पाणी आणि चांगली पादत्राणे हवीत. आजी-आजोबांनी बेताने चढावे. आणि बाळांनो, मनोऱ्यापाशी जरा गप्प उभे राहा. वारा असेल तर ऐकू येईल.