"सर, लवकरात लवकर होणारं नर्सिंग कोणतं?"



बारावीचा निकाल लागला की वरचा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. मी अहमदपूर तालुक्यात शिकवतो. एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला नांदेड, आणि दोन्हीकडे नीटच्या क्लासचे भलेमोठे बोर्ड. दोन-दोन वेळा नीट देऊन दमलेली लेकरं शेवटी नर्सिंगकडे वळतात. तोवर घरात सगळ्यांनाच घाई झालेली असते.

या प्रश्नाला मी एकदा चुकीचं उत्तर दिलंय. ते आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी कला शाखेतून बारावी झालेली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. मी म्हणालो, "सायन्स नाही ना बाळा, मग एखादा वर्षाचा कोर्स कर, लगेच कामाला लागशील." तिने एका संस्थेतून एक वर्षाचं प्रमाणपत्र घेतलं. फीसाठी वडिलांनी म्हैस विकली. आज ती एका खासगी दवाखान्यात आहे. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, रात्रपाळीही तीच करते. पण त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणून सरकारी भरतीत परिचारिकेचा फॉर्म भरता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या जीएनएमवाल्या मुलीच्या निम्मा पगार.

जीएनएमला सायन्सच लागतं असं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के पाहिजेत. मी कुणाला विचारलं नाही. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर त्या बापानेही विचारलं नाही.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात दुसरी एक विद्यार्थिनी आली तेव्हा मी घाईने तोंड उघडलं नाही. ही मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी झालेली. घरात लग्नाचं चाललेलं. तिने मोबाईल पुढे केला. "सर, हे बघा. अमेरिकेत डिग्री झालेल्यांना दीड वर्षात नर्सिंगची डिग्री मिळते. आपल्याकडं पण एक जण देतो म्हणायलाय. परराज्यातलं कॉलेज, हजेरीचं टेन्शन नाही."

आम्ही दोघांनी बसून ते वाचलं. अमेरिकेतलं खरं आहे. दुसऱ्या विषयात पदवी असलेल्यांसाठी तिथे १२ ते १८ महिन्यांचे वेगवान अभ्यासक्रम असतात. पण प्रवेशाआधीच शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय पास झालेले लागतात. सुट्ट्या जवळजवळ नसतात, सोबत नोकरी करणं अवघड जातं. आणि वॉर्डातलं काम कुणाला चुकत नाही. म्हणजे जे आधी शिकून झालंय तेवढंच ते कमी करतात. आपला तो 'एक जण' नेमकी वॉर्डातली हजेरीच माफ करत होता!

आपल्याकडे पदवीधरांसाठी असा जवळचा रस्ता नाही. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, मग तुम्ही आधी बीएस्सी असा नाहीतर एमएस्सी. त्याला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. जीएनएम तीन वर्षांचं, ते पदविका. जीएनएम होऊन नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. एएनएम दोन वर्षांचं, उपकेंद्रावरच्या सिस्टरबाईंचं. पदवी लवकर हवी तर बीएस्सी. कमाई लवकर हवी तर जीएनएम, पदवी मागाहून. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि घरोघरी ते एकच समजून भांडणं होतात.

मग आम्ही कॉलेज बघायला निघालो. ती, तिचे वडील आणि मी. लोह्यावरून एसटीने जाताना नांदेडच्या अलीकडे विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लागतं. मुद्दाम आधी तिथे उतरलो. तिला म्हटलं, कॉलेज नंतर, आधी हॉस्पिटल बघ. ओपीडीपुढची गर्दी, वॉर्डाबाहेर डबे घेऊन बसलेले नातेवाईक, सलाईन बदलत धावणाऱ्या सिस्टर. वास सहन होईना म्हणून वडील बाहेर जाऊन उभे राहिले. ती तासभर आत होती.

दुपारी एका खासगी कॉलेजात गेलो. इमारत चकचकीत, प्रयोगशाळेत नवाकोरा पुतळा. मी विचारलं, तुमचं हॉस्पिटल कुठंय? नर्सिंग कॉलेज काढायचं तर १०० खाटांचं रुग्णालय लागतं. दाखवायला नेलं त्या मजल्यावर गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. वडील शेतकरी माणूस, त्यांनी एकच विचारलं, "पेशंट कुठं हायेत?" उत्तर आलं नाही. आम्ही चहा न घेता निघालो.

पालकहो, फीचा आकडा विचारण्याआधी एवढं करा. कॉलेजचं नाव भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या यादीत आहे का, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता चालू वर्षाची आहे का, हे स्वतः बघा. कॉलेजने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका, प्रवेशाच्या आठवड्यात ते मिळत नसतं. २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी व्यावसायिक शिक्षणाच्या फी माफीचा निर्णय घेतला. तो तुमच्या कोर्सला आणि तुमच्या प्रवेशाच्या प्रकाराला लागू होतो का, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

आता सीईटी. बीएस्सी नर्सिंगची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगची अभिरुची, प्रत्येकी २० प्रश्न. चुकलं तर गुण कापत नाहीत. आमची नीटची मुलं पहिल्या तिन्हींत गुंतून राहतात आणि इंग्रजीला हातही लावत नाहीत. या मुलीचंही तेच. रोज संध्याकाळी ती माझ्याकडे इंग्रजी उतारे वाचायला यायची, अडलेल्या शब्दांची वही केली होती. इंग्रजीचे मास्तर आम्ही नाही, पण सोबत बसायला काय जातं? अभिरुचीसाठी ती गावातल्या उपकेंद्रावर जाऊन बसली, सिस्टरबाईंना नाना प्रश्न विचारले. त्या वैतागल्या, पण लसीकरणाच्या दिवशी रजिस्टर धरायला तिलाच बोलवू लागल्या.

तिला बीएस्सीची जागा मिळाली. लग्नाचं वडिलांनी चार वर्षं पुढे ढकललं. काकांना ते अजून पटलेलं नाही.

आणि म्हैस विकून शिकलेली ती पहिली मुलगी? तिच्या घरी जायला मला पाय उचलत नव्हता. दिवाळीत गेलो. माझं चुकलं, हे तिच्या वडिलांसमोर सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पाणी आणायला आत गेले. तिने मात्र पेटीतून बारावीची गुणपत्रिका काढून माझ्यासमोर ठेवली. ५२ टक्के. "सर, जीएनएमला वयाचं काय?"

"पस्तीसच्या आत पाहिजे."

ती अठ्ठावीसची आहे. यंदाच्या प्रवेशाच्या जाहिरातीवर मी लक्ष ठेवून आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला परवा आम्ही तहसीलला जातोय.