बहार धरताना

घरासाठी फुलझाडे निवडायची म्हटली की आपण सहसा फुलाचा रंग पाहतो, फार तर वास पाहतो. रोपवाटिकेत जे डोळ्यांत भरते ते घेऊन येतो. मी मात्र झाडे निवडली ती बधन्यातले पाणी मोजून. ऐकायला हे विचित्र वाटेल, पण सोलापुरात उन्हाळे काढलेल्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही.

निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून आम्ही मोहल्ल्यातली भाड्याची जागा सोडली आणि शहराच्या कडेला एक छोटे घर बांधले. मोहल्ल्यातल्या घराला अंगण नव्हते. दारात गटार, गटारावर फरशी आणि फरशीवर दोन डब्यांत पुदिना व कोरफड, एवढीच आमची बाग. नव्या घरापुढे बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा उरली. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, "अम्मी, पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. धूळ नको, चिखल नको, मी आलो की गाडीही आत उभी राहील." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आसपासच्या बहुतेक घरांनी तेच केले होते.

माझ्या अम्मी माझ्याकडेच असतात. काचबिंदूमुळे त्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळतो. आम्हा मायलेकांचे बोलणे ऐकत त्या पलंगावर बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "दिखता नै मेरेकू, पर बास तो आती ना." त्या एका वाक्याने अंगण वाचले. गाडी गल्लीत उभी करायची असे ठरले. मुलाने फक्त एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठून आणणार?"

प्रश्न खरा होता. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. येते तेव्हा ते पिण्याच्या आणि धुण्याच्या पाण्यातच संपते. बाबराने 1526 मध्ये दिल्ली जिंकल्यावर आग्र्याला बाग करायला घेतली तेव्हा आधी विहीर खणली, झाडे मागाहून लावली. बादशहाला विहीर खणता आली. आम्हाला आमची विहीर घरातच शोधावी लागली. वजूचे पाणी गटारात जाऊ नये असे अम्मींना पूर्वीपासून वाटे. आमचा प्लास्टिकचा बधना दोन लिटरचा. अम्मींचे पाच वेळा आणि माझे पाच वेळा वजू धरले तर वीस लिटर होतात. खाली टब ठेवून मोजले तेव्हा रोज पंधरा-सोळा लिटर पाणी हाती लागले. त्यात साबण नाही, खरकटे नाही. झाडाला यापेक्षा चांगले पाणी कोणते? जमिनीत लावलेल्या झुडपाला उन्हाळ्यात एक दिवसाआड पाच लिटर धरले तर सहा झाडे जगतात. म्हणून सहाच लावायची.

आता सहा कोणती, हा प्रश्न. आणि ती वसंतात फुलणारी हवीत, असा माझा हट्ट होता. आपल्याकडे पावसाळ्यात काय, कुंपणही फुलते. जाई, जुई यांचा खरा भर पावसाळ्यातच. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन तापू लागते, शेते रिकामी होतात आणि अम्मींना दिवसभर घरात कोंडून बसावे लागते, तेव्हा दारातून वास आला पाहिजे.

पहिले नाव अर्थातच मोगऱ्याचे. आपल्या घरांतून मोगऱ्याला वेगळी ओळख लागत नाही. नवरदेवाच्या सेहऱ्यात तो असतो, शेजारच्या काकूंच्या वेणीत असतो आणि दर्ग्याच्या चादरीतही असतो. त्याचे प्रकार मात्र पाहून घ्यावेत. बटमोगऱ्याचे फूल गच्च भरलेले, गोल बटणासारखे. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार. मी दोन्ही घेतले. अम्मी बोटांनी चाचपून कुठला कोणता ते सांगतात. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास ऊन लागते, आणि आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून त्याची मुळे कुजतात. म्हणून दीड फुटाच्या खड्ड्यात निम्मी माती काढून मुरूम आणि शेणखत घातले व वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच केला.

अनंतावर माझे मन फार होते. पण शेजारच्या काकूंनी कोकणातून आणलेला अनंत मी रोज पाहत होते. पाने पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. त्याला आंबट माती लागते. आमच्या चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही. माती बदलून, औषधे घालून तो जगवता येतो, पण पाहुण्याला सलाइनवर ठेवून घरात आणण्यात काय अर्थ? त्याऐवजी कुंती घेतली. काही जण तिला कामिनी म्हणतात. तिची पांढरी फुले दोन-चार दिवसच टिकतात, पण कोरडे दिवस गेल्यावर भरपूर पाणी मिळाले की ती वर्षातून अनेकदा फुलते आणि चुनखडीची तक्रार करीत नाही.

रोपवाटिकेतल्या काकांनी पांढरा चाफाही दाखवला. पाने झडलेल्या फांद्यांवर वसंतात फुले येतात, पाणी जवळपास लागत नाही. माझ्या हिशेबात तो अगदी बसत होता. घरी येऊन सांगितले तर अम्मी चमकल्याच. "कबरस्तान का झाड घर में कायकू?" आमच्या अब्बांच्या कबरीशेजारी चाफाच आहे. त्याच्या वासाने अम्मींना काय आठवेल हे मला रोपवाटिकेत सुचण्यासारखे नव्हते. झाड निवडताना माती आणि पाणी पाहावे, तसे त्या वासात कोणाचे काय गुंतले आहे हेही विचारावे.

वेलीच्या बाबतीत फसगत होते ती नावांची. मला माधवीलता हवी होती. काकांनी मधुमालती पुढे केली. दोन्ही वेगळ्या. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, मग गुलाबी आणि शेवटी लाल होते. ती उन्हाळा-पावसाळ्यात फुलत राहते आणि मुळांतून फुटवे काढून अंगणभर पसरते. माधवीलता, म्हणजे हळदवेल, मात्र खरी वसंताची. पाच पांढऱ्या पाकळ्या, त्यांतली एक पिवळी, कडा झालरीसारख्या. तिच्या बीला तीन पंख असतात. ते वाऱ्यावर भिरभिरत खाली येते. वेल दांडगी असते, तारेवर चढवली तर तार वाकवते. म्हणून तिच्यासाठी लोखंडी मांडव केला. फुले संपली की ती छाटून आवरती ठेवावी लागते.

पाचवी मेंदी. मेंदी आपण कुंपणाला लावतो आणि सतत कातरतो, त्यामुळे तिला फूल येते हेच पुष्कळांना माहीत नसते. फुलाचा घोस फांदीच्या टोकाला येतो. टोकच कापले तर फूल कुठून येणार? वसंत सरता सरता, कडक उन्हात किंवा पावसाच्या तोंडावर तिचे बारीक, मळकट पांढरे घोस फुलतात आणि हिना अत्तर ज्या फुलांचे काढतात ती हीच, हे वासानेच कळते. अम्मींनी अट घातली, ईदेला पाने हवी तेवढी तोडा, पण एका बाजूच्या फांद्यांना हात लावायचा नाही.

सहाव्या जागेसाठी मी बोगनवेल घेतली. तिला वास नाही, काटे आहेत. ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पाने. खरे फूल मधले इवलेसे, पांढरट. मूळची ही ब्राझीलची, नाव एका फ्रेंच दर्यावर्दीचे. पण पाणी तोडले की हिच्याइतके कोणी फुलत नाही. अम्मींसाठी पाच झाडे निवडली, हे एक माझ्या डोळ्यांसाठी. वास नाही म्हणून मी ते अम्मींना आधी सांगितले नव्हते. त्यांना ते कळले, काट्याने. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रंग कौन सा है?"

सहाच्या हिशेबाबाहेर एक गोष्ट राहिली, भुईचाफा. कुंतीच्या सावलीत त्याचे कंद पुरले. हिवाळ्यात जमिनीवर त्याची खूणही नसते, म्हणून पाणीही नको. आणि मार्च-एप्रिलमध्ये पान नाही, देठ नाही, थेट मातीतून जांभळट पांढरे सुवासिक फूल वर येते. एकेक फूल दिवसभराचे, पण दुसऱ्या दिवशी शेजारी दुसरे. पाने येतात ती पावसाबरोबर. छोट्या जागेसाठी, कमी पाण्यासाठी यापेक्षा गुणी कंद मला ठाऊक नाही.

झाडे लावली म्हणजे वसंत आला असे मात्र नाही. उर्दूत बहार येते. ती स्त्री आहे, मनात आले की येते. पण आमच्या भागातला शेतकरी बहार 'धरतो'. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार असे हे तीन बहार. फारसीतला वसंत मराठी शेतकऱ्याच्या तोंडी पुल्लिंगी झाला आणि कामाला लागला. आमच्या मामूंची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. महिना-सव्वा महिना पाणी तोडायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची, छाटणी करायची आणि मग खत-पाणी द्यायचे, की झाड फुलांनी भरते. याला ताण देणे म्हणतात. मामू म्हणाले, मोगऱ्याचेही तेच. डिसेंबरच्या मध्यावर पाणी बंद कर, जानेवारीअखेर गुडघ्याएवढा छाट, शेणखत घालून पाणी सोड. नव्या फुटीवर कळी येते. कुंडीतल्या झाडाला एवढा कडक ताण देऊ नये. तिथे माती थोडी, झाड मरते.

अम्मींना हे पटेना. दारातले झाड तहानलेले ठेवायचे आणि आपण पाणी प्यायचे, हा गुन्हा नाही का? त्या रोज विचारत, "आज डाला क्या पानी?" मी डाळिंबाचे उदाहरण दिले, मुळांत साठा असतो हे सांगितले. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तो फिर उसका रोजा है बोल ना." पुढे ती भाषाच आमच्या घरात रूढ झाली. डिसेंबरमध्ये मोगऱ्याचा रोजा लागतो आणि जानेवारीच्या शेवटी अम्मींच्या वजूच्या पाण्याने सुटतो. मार्चमध्ये पहिली कळी मी त्यांच्या तळहातावर ठेवते.

लावणीला चार वर्षे झाली आणि अम्मी मोरीत घसरून पडल्या. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून वजू पलंगावरच, चिलमचीत, अर्ध्या लिटरच्या आत. टबातले पाणी एकदम निम्म्यावर आले, आठ-नऊ लिटर. पूर्वीचा हिशेब लावला तर सहांपैकी तीनच झाडे जगणार होती. त्या उन्हाळ्यात मी पाणी फक्त दोन मोगऱ्यांना आणि कुंतीला घातले. माधवीलता, मेंदी आणि बोगनवेल यांची मुळे तोवर खोल गेली होती. त्यांनी पाने थोडी गाळली, पण एकही मेले नाही. बोगनवेल तर पूर्वीपेक्षा जास्त फुलली.

म्हणून वाचकांनी विचारले तर मी एवढेच सांगेन. रोपे जूनमध्ये लावा, पण निवडायला फेब्रुवारी-मार्चमध्ये जा; तेव्हा फूल समोर दिसते, वास घेता येतो आणि नावाची फसगत होत नाही. आधी घरातले पाणी मोजा. वास घेणारे माणूस कोण, त्याला विचारा. आणि निम्मी झाडे अशी घ्या, की पहिली दोन-तीन वर्षे सांभाळल्यावर तुमच्या हाताशिवायही ती उभी राहतील. जे हात आज पाणी घालतात ते कायम घालतीलच असे नाही.

मुलगा आता पुण्याहून येतो तेव्हा वीस लिटरचा कॅन गाडीतून भरून आणतो आणि न बोलता मोगऱ्याच्या वाफ्यात ओततो. गेल्या डिसेंबरात तो कॅन घेऊन वाफ्याकडे निघाला तेव्हा आतून अम्मींचा आवाज आला, "अरे रुक, उसका रोजा चालू है."