लाल शाईचा गोल

ताईने भाच्याचं लसीकरणाचं कार्ड कपाटातल्या फाइलमध्ये जपून ठेवलं होतं. पंधराव्या महिन्यात दिलेल्या एमएमआरच्या, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला लशीच्या, तारखेभोवती लाल शाईचा गोल होता. तो इतक्यांदा गिरवलेला की तिथला कागद झिजला होता.

नोव्हेंबर 2018 मध्ये तिचा नाशिकहून फोन आला. 27 तारखेपासून राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू होणार होती आणि माझ्या लेकीला नुकतेच नऊ महिने पूर्ण झाले होते. "तिला ते इंजेक्शन देऊ नकोस. मी एकदा चुकलेय, तू चुकू नकोस," ताई म्हणाली. तिच्या आवाजाने मी घाबरले. डॉक्टरांना सर्दीचं कारण सांगून मी डोस पुढे ढकलला.

भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. दीड वर्षाचा असताना, येत होते तेही चार शब्द तो बोलेनासा झाला. पुढे निदान झालं : स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. ताईने गरोदरपणात काय खाल्लं इथपासून मुलाच्या हाती मोबाइल का दिला इथपर्यंत घरातल्या मोठ्यांनी सगळा दोष तिच्याच पदरात घातला. अशात कुणीतरी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्लंडमधल्या 'संशोधना'चा मेसेज पाठवला. त्या रात्री तिने कार्ड काढलं आणि पहिला गोल काढला.

ते संशोधन नेमकं काय होतं, हे शोधायला मी बसले.

फेब्रुवारी 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात मुलं होती फक्त 12. लस आणि ऑटिझम यांचा संबंध त्या लेखाने सिद्ध केलाच नव्हता. तरी लंडनच्या पत्रकार परिषदेत वेकफील्ड यांनी एमएमआरऐवजी सुट्या लशी द्याव्यात असं सांगितलं आणि आईबाप धास्तावले. 2004 मध्ये पत्रकार ब्रायन डीअर यांनी पडद्यामागचं बाहेर काढायला सुरुवात केली. लसउत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते. पुढे हा आकडा चार लाख पौंडांच्या वर गेल्याचं दिसलं. गोवराच्या स्वतंत्र लशीसाठी त्यांनी पेटंटचा अर्जही केला होता. आपल्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या मुलांना प्रत्येकी पाच पौंड देऊन त्यांनी त्यांचं रक्त घेतलं होतं. 2010 मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्यांचं नाव काढून टाकलं.

भीती मात्र मागे घेता आली नाही. वेल्समधल्या स्वान्सी भागात 2012-13 मध्ये गोवराची साथ आली. सुमारे 1,200 रुग्णांची नोंद झाली, एक जण दगावला.

डिसेंबरात लॅपटॉप घेऊन मी नाशिकला गेले. डेन्मार्कमध्ये 5,37,303 मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण जास्त आढळलं नाही. जपानने 1993 मध्ये एमएमआर बंद केली, तरी योकोहामात ऑटिझमची निदानं वाढतच राहिली. लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं 1943 मध्ये, आणि गोवराची पहिली लस आली 1963 मध्ये. ताईने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "पण माझा मुलगा तर त्यानंतरच गप्प झाला ना?"

यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

रात्री लॅपटॉपवर आम्ही भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला, खरं तर आजोबांना पाहण्यासाठी. केक, औक्षणाचं तबक, सगळ्यांचा गलका. ताई त्याला हाक मारते. पुन्हा मारते. तिसऱ्यांदा टाळ्या वाजवत मारते. तो वर बघतोय, फिरत्या पंख्याकडे. एकदाही मान वळवत नाही.

इंजेक्शन त्यानंतर तीन महिन्यांनी दिलेलं होतं.

ताईने तो तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. नावाने हाक मारल्यावर न वळणं ही वर्षाच्या आसपास दिसणारी खूण आहे. आईबापांच्या मनात पाल चुकचुकते ती बहुधा दुसऱ्या वर्षी, बोलणं अपेक्षित असतं तेव्हा, आणि लशींचे डोसही त्याच महिन्यांत येतात. "म्हणजे मी त्याला काही केलं नाही," ताई म्हणाली आणि पाच वर्षांचं साठलेलं रडली. मला वेकफील्ड यांचा खरा राग आला तो तेव्हा. गोवराइतकंच हेही त्यांनी पसरवलं होतं : आपणच लेकराचं नुकसान केलं, ही आईची समजूत.

जानेवारीत लेकीला डोस देताना ताई माझ्यासोबत होती. मोहिमेचा डोस भाच्याला शाळेत मिळणार होता. त्याला आधी कळावं म्हणून तिने तीन चित्रं काढून दिली : खुर्ची, सुई, बिस्किट. सुई टोचल्यावर तो जोरात रडला. मग पहिली दोन चित्रं बाजूला सारून त्याने तिसऱ्यावर बोट ठेवलं. ताईने पुडा फोडला.