निळी ज्योत आणि चिमणीतला आकडा

गुरुवारी भोसरी एमआयडीसीतले बरेचसे गाळे बंद असतात. औद्योगिक पट्ट्याची ही साप्ताहिक सुट्टी, म्हणून मेंटेनन्सवाल्यांचा खरा कामाचा वार तोच. पावडर कोटिंगच्या गाळ्यात, अ‍ॅल्युमिनियम वितळवणाऱ्या भट्टीशेजारी, चाकणच्या एखाद्या पेंट शॉपमध्ये बर्नर तपासणारा माणूस त्या दिवशी हमखास दिसतो. छातीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, हातात चिमणीतला वायू मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरची पेटी, पिशवीत मॅनोमीटर आणि गॅसगळती बघायला साबणाचं पाणी.

बहुतेक ठिकाणी त्याला पहिलं वाक्य एकच ऐकू येतं. "ज्योत निळी आहे, धूर नाही. मग बघायचं काय?"

प्रश्न करणारा ऑपरेटर अनाडी नसतो. या पट्ट्याचा हात तेलाच्या बर्नरवर बसलेला आहे. १९६६ साली सुरू झालेली वॉन्सन इंडिया १९८० मध्ये थरमॅक्स झाली आणि चिंचवडशी तिचं नाव कायमचं जोडलं गेलं. मुंबई-पुणे रस्त्यावर कासारवाडीला फोर्ब्स मार्शल. वाफ आणि उष्णता हा इथला जुना धंदा, आणि कितीतरी वर्षं ती उष्णता डिझेल, लाइट डिझेल ऑइल, फर्नेस ऑइल जाळूनच मिळत होती. तेल नीट जळेना की लपत नसे. चिमणीतून काळा धूर निघे, नोझलवर काजळी धरे, शेजारच्या गाळ्यातून आरडाओरडा होई. २००६ साली गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड स्थापन केली, पाइपलाइन पुढे पिंपरी-चिंचवड आणि चाकणपर्यंत आली, आणि एकेक बर्नर गॅसवर गेला. हवा स्वच्छ झाली, काजळी खरवडण्याचा त्रास संपला. पण धूर बघून बर्नर ओळखण्याची नजर मात्र तीच राहिली, आणि गॅसपुढे ती नजर तोकडी पडते.

मिथेनचा एक घनमीटर पूर्ण जळायला साधारण साडेनऊ घनमीटर हवा लागते. हवा आणि गॅस कधीच अगदी एकजीव मिसळत नाहीत, म्हणून हवा थोडी जास्त देतात. चिमणीतल्या कोरड्या वायूत ऑक्सिजन ३ टक्के दिसला तर हवा सुमारे १५ टक्के जास्त आहे असं धरायचं. कार्बन डायऑक्साइड तेव्हा १० टक्क्यांच्या आसपास येतो. तिसरा आकडा कार्बन मोनॉक्साइडचा. ठीक जळणाऱ्या बर्नरला तो ५० पीपीएमच्या आत राहायला हवा. हाच आकडा ५०० झाला तरी ज्योत निळीच दिसू शकते. उलट शेजारी ग्राइंडिंग चालू असेल तर उडणाऱ्या धुळीने चांगल्या ज्योतीतही नारिंगी ठिणग्या दिसतात. डोळा दोन्हीकडे फसतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने तो स्वतः हुंगून शरीरावरचे परिणाम नोंदवले आणि १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. खाणकामगारांचे जीव वाचावेत म्हणून केलेलं ते काम बर्नरपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

आता खरी कसोटी. मोनॉक्साइड वाढलेला दिसला की नवशिक्याचा हात सरळ हवेच्या झडपेकडे, म्हणजे डॅम्परकडे जातो. ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली असेल तर तो बरोबर करतोय, हवा कमीच पडते आहे. पण मोनॉक्साइड ४०० आणि ऑक्सिजन ९ टक्के असेल तर? तिथे हवेचा मारा इतका आहे की ज्योत थंड पडते, बर्नरच्या तोंडावरून उचलली जाते, आणि गॅस अर्धवट जळून निघून जातो. आणखी हवा दिली की दुखणं वाढतं. लक्षण एकच, कारणं दोन, आणि फरक सांगतो तो ऑक्सिजनचा आकडा. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

तो ऑक्सिजनचा आकडाही कुठला, हे विचारावं लागतं. पावडर कोटिंगच्या काही ओव्हनमध्ये जळालेला वायू थेट ओव्हनमध्येच सोडतात. अशा ओव्हनच्या चिमणीत ऑक्सिजन १८-१९ टक्के येतो. ती ओव्हनमध्ये फिरणारी ताजी हवा असते, बर्नरबद्दल ती काहीच सांगत नाही. हीट एक्स्चेंजर असलेल्या ओव्हनला वेगळी चिमणी असते, तिथे अ‍ॅनालायझरचा प्रोब घालायचा. पण दाराची किंवा फ्लँजची गॅस्केट गेलेली असेल तर बाहेरची हवा तिथेही आत ओढली जाते. यंत्र दाखवतं ६ टक्के, बर्नरपाशी असतात २. त्या ६ वर विसंबून हवा कमी केली की बर्नर गुदमरतो. म्हणून अनुभवी माणूस आधी गॅस्केट, जोड आणि प्रोबचं भोक बघतो, डॅम्पर नंतर.

आणखी एक गोष्ट या भूमीची. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. हवेचा दाब इथे समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्के कमी, म्हणजे तोच ब्लोअर तितका कमी ऑक्सिजन देतो. परदेशी बर्नरसोबत आलेल्या तक्त्यावरून सेटिंग केलं तर हा फरक सुटून जातो. मग ऋतू. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांची हवा आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंशांची हवा यांच्या घनतेत जवळपास दहा टक्क्यांचं अंतर पडतं. गॅसबिल वाचवायचं म्हणून थंडीत बर्नर २ टक्के ऑक्सिजनवर कसला, तर जास्तीची हवा तेवढीच, दहाएक टक्के असते. ती एप्रिलमध्ये संपून जाते. मालकाला बिलातली बचत लगेच दिसते आणि ती खरीही असते, पण थंडीत ३ ते ४ टक्के ठेवणारा तंत्रज्ञ त्याच्या नुकसानीचं काम करत नाही. तो उन्हाळ्यातल्या ऑपरेटरचा विचार करतो.

प्रत्यक्ष फिरवाफिरवीला फार वेळ लागत नाही. डॅम्परच्या आधीच्या जागेवर मार्करने खूण करून ठेवायची. रेग्युलेटरनंतरचा दाब मोजायचा. भार वाढवताना आधी हवा, मग गॅस. कमी करताना आधी गॅस, मग हवा. थोडं फिरवायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. लो फायर (सर्वांत कमी भार), मधला टप्पा आणि हाय फायर (पूर्ण भार) तिन्ही ठिकाणी नोंद घ्यायची, कारण हाय फायरला सुरेख जळणारा बर्नर लो फायरला बिघडलेला आढळतो. शेवटी लॉकनट घट्ट.

या सगळ्यापेक्षा मोठा धोका पेटवण्याच्या क्षणी असतो. नैसर्गिक वायू हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की भडका उडवतो. म्हणून पेटण्यापूर्वी ब्लोअर भट्टीतली हवा निदान चार वेळा बदलेल इतका वेळ चालतो; यालाच पर्ज म्हणतात. ज्योत काही सेकंदांत दिसली नाही तर व्हॉल्व्ह बंद होतात आणि पॅनेलवर लॉकआउटचा दिवा लागतो. ऑर्डरची घाई असते, पर्जची मिनिटं जड जातात, कुणीतरी टायमर कमी करून ठेवतं. कुणी वारंवार रीसेट दाबतं, आणि दर खेपेला थोडा न जळालेला गॅस आत साठतो. ज्योत तपासणारी सुरक्षा तारेचा जंपर मारून बाद केलेलं पॅनेल दिसलं की बर्नरच्या माणसाने काम थांबवावं, सुपरवायझरला बोलावून तार त्याच्यासमोर काढावी आणि मगच पुढे जावं. यात मुलाहिजा ठेवण्यासारखं काही नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका संध्याकाळी घरीही असतो. चिखली-मोशीच्या खोल्यांमध्ये एलपीजीचा गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावलेला सापडतो. त्याला चिमणी नसते, तो खोलीतलीच हवा घेतो आणि जळालेली हवा खोलीतच सोडतो. हिवाळ्यात खिडकी लावून घेतली की दहा मिनिटांत ऑक्सिजन उतरू लागतो आणि मोनॉक्साइड वाढतो. बाथरूममध्ये गुदमरल्याच्या ज्या बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, त्यांमागे बहुधा हेच असतं. असा गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. गळतीचा अलार्म कुठे लावायचा ते यावरून ठरतं. सिलेंडरवरून पाइपच्या गॅसवर येताना जेट बदलावे लागतात, कारण तेवढ्याच घनफळात पाइपच्या गॅसची उष्णता निम्म्याहून कमी असते. ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं.

संध्याकाळी ओव्हन तापलेला असताना शेवटची वाचनं घेतली जातात आणि पॅनेलच्या दारावर आतून कागद चिकटवला जातो: तारीख, त्या वेळचं हवामान, गॅसचा दाब, तिन्ही टप्प्यांवरचा ऑक्सिजन आणि मोनॉक्साइड, चिमणीचं तापमान. ऑपरेटरकडे अ‍ॅनालायझर नसतो, चिमणीवरचा थर्मामीटर मात्र असतो. त्याच भाराला तो काटा २०-२२ अंशांनी चढला तर साधारण एक टक्का उष्णता वाया जाऊ लागली असं धरायचं आणि बर्नरच्या माणसाला बोलवायचं. थंडीत केलेल्या सेटिंगच्या कागदावर खाली पुढच्या तपासणीचा महिना लिहिलेला असतो, एप्रिल.