साक्षीदार म्हणून माझी सही

गेल्या वर्षीच्या रमजान ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात देता देता धाकटी बहीण म्हणाली, "भाई, इसकू जरा समजाव."

'इसकू' म्हणजे तिचा मुलगा. वय चोवीस. डी. फार्मसी झालेला. बार्शीतल्या एका मेडिकलमध्ये दीड वर्ष काउंटरवर उभा राहिला आणि एक दिवस नोकरी सोडून घरी आला. गाणी लिहितो, स्वतःच चाल लावतो, स्वतःच गातो. मराठीत. बहिणीला गाण्याचा राग नाही. तिला काळजी आहे ती लग्नाच्या बोलण्यात "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं याची. मोहल्ल्यातले एक-दोघे गाणं जायज की नाजायज यावर तिला ऐकवून जातात, पण त्यांच्यापेक्षा तिला किराणा दुकानाची वही जास्त घाबरवते.

मी निवृत्त शिक्षक. खानदानात समजावण्याचं काम माझ्याकडेच येतं. पण या बाबतीत माझ्याइतका नालायक माणूस दुसरा नव्हता. त्याची दोन कारणं आहेत. दुसरं सांगायला जड जातं, म्हणून आधी पहिलं सांगतो.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गायचो. बरा गायचो. एकदा बाहेरगावच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा अब्बांनी एवढंच विचारलं, "आणि उन्हाळ्यात, कार्यक्रम नसतील तेव्हा, काय खाशील?" अब्बा गिरणी कामगार. त्यांनी आवाज चढवला नाही, धर्माचा दाखला दिला नाही. मी डी.एड.ला गेलो आणि तो विषय संपला. गंमत अशी की हेच अब्बा आयुष्यभर एका गाणाऱ्या माणसाच्या आठवणी सांगत राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, कोवळ्या वयात, त्यांनी अमर शेखांना ऐकलं होतं. "आवाज कैसा था, बेटा, सभेच्या टोकाला उभा असलेला माणूसपण हलायचा," असं ते अर्ध्या दखनीत, अर्ध्या मराठीत सांगायचे. शेवटी न चुकता एक वाक्य असायचं, "आपल्या बार्शीचा होता तो."

त्यांना अमर शेख हवे होते, फक्त स्वतःच्या घरात नको होते. आता माझी बहीण तेच म्हणत होती आणि मला तिची चूक दिसत नव्हती.

दुपारी भाच्याला घेऊन बसलो. म्हटलं, आधी हिशेब दाखव. त्याने लॅपटॉप उघडला. बहिणीला वाटतं तसा तो हवेत नव्हता, पैन् पै लिहिलेली होती. दोन वर्षांत सात गाणी. जुना माईक आणि आवाज संगणकात घेणारी पेटी मिळून १४ हजार. गाण्याचं मिक्सिंग पुण्याच्या एका मुलाकडून, दर गाण्याला साडेतीन हजार, म्हणजे २४,५००. व्हिडिओंचे ९ हजार. गाणी सगळ्या ॲपवर पोहोचवणाऱ्या सेवेची वर्गणी दोन वर्षांची ३,२००. एकूण ५०,७०० रुपये. जमेच्या बाजूला चार कार्यक्रमांचे १८,५००. कार्यक्रम खरं तर अकरा झाले, पण सातांनी शाल, नारळ आणि "तुम्हाला व्यासपीठ मिळालं" एवढ्यावर भागवलं. ॲपवर लोकांनी गाणी ऐकली त्याचे दोन वर्षांत मिळून १,८७०. आणि एका रेकॉर्ड कंपनीने एका गाण्याचे दिलेले २५ हजार.

मी विचारलं, ऐकणारे तर बरेच दिसतात, मग १,८७० कसे? तो शांतपणे समजावू लागला. २०२४पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा असेल तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी बघितलेलं असावं लागतं. त्याची दोन गाणी हजाराच्या वर गेली, बाकीची नऊशे, सहाशे, चारशेवर थांबली. चारशे माणसं एखाद्या सभागृहात बसली तर बार्शीत गर्दी म्हणतात. इथे त्याची किंमत शून्य.

गाणं रेकॉर्ड कसं करतो, तेही त्याने दाखवलं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या आणि रजया लावलेल्या. एप्रिलमध्ये बेचाळीस अंश उन्हात पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माईक पकडतो. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून रात्रभर रस्त्याने जातात, म्हणून तेव्हा काम बंद. बाकी दिवस रात्री एक ते फजरच्या अजानपर्यंत. "मामू, एका गाण्याच्या शेवटी अजानचे दोन सूर आलेत बारीक. मी काढले नाहीत," तो म्हणाला.

आता दुसरं कारण.

कंपनीने घेतलेलं ते गाणं माझ्या अम्मीवर आहे. अम्मी जाऊन सहा वर्षं झाली. ती घरात दखनी बोलायची, पण जात्यावर बसली की ओवी मराठीतच यायची. तिच्या माहेरच्या गावात सगळ्याच बायका तशा गायच्या, हिंदू काय आणि मुसलमान काय. भाच्याने लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ते ऐकलेलं. त्याने तिच्या ओव्या उचलल्या नाहीत. जात्याच्या फिरण्याची लय धरून त्याने स्वतःचे शब्द लिहिले. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बाहेर गेलो होतो.

त्याच्या आदल्या वर्षी कंपनीचा माणूस त्याला भेटला. म्हणाला, आवाज छान आहे, पण तुमच्या नावाला मराठीत मार्केट नाही, तुम्ही सूफी करा, कव्वाली करा. मराठीच करायचं असेल तर आडनाव काढू. हे गाणं मात्र आत्ता घेतो, २५ हजार देतो. भाच्याने करारनामा माझ्याकडे आणला. सहा पानं, इंग्रजीत. मी चाळला. सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, जगभर, कायमचे. मला ते खटकायला हवं होतं. पण माझ्या कानात अब्बांचा उन्हाळ्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, "पंचवीस हजार रोख मिळतायत, बेटा. गाणी काय, अजून लिहिशील." त्याने सही केली. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

गाणं आलं, आडनावाशिवाय आलं. पुढे अम्मीच्या बरसीच्या दिवशी भाच्याने तेच गाणं नुसत्या गिटारवर गाऊन आपल्या चॅनलवर टाकलं. कंपनीने तक्रार केली, व्हिडिओ उतरवला गेला आणि चॅनलवर एक ठपका बसला. असे तीन ठपके नव्वद दिवसांत पडले तर चॅनलच बंद होतं. पोराने स्वतःच्या नानीवर स्वतः लिहिलेलं गाणं स्वतःच्या तोंडाने गायलं आणि तो चोर ठरला. कागदाप्रमाणे कंपनीचं बरोबर होतं. त्या कागदावर मी होतो.

ईदच्या दुपारी हे सगळं त्याने पुन्हा काढलं नाही. मीच काढलं. तो म्हणाला, "तेव्हा मलाही पैसे हवे होते, मामू." याने मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

त्यानंतरचे काही महिने मी दोन गोष्टी वाचल्या. एक कॉपीराइटचा कायदा आणि दुसरे अमर शेख.

अमर शेखांचा जन्म १९१६ सालचा, बार्शीचा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी. लोकगीतांचं वेड आईकडून आलं असं सांगतात. परिस्थिती गरिबीची. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. गिरणीच्या संपात तुरुंगवास, पुढे कम्युनिस्ट पक्ष. १९४४मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. मग संयुक्त महाराष्ट्राचा लढा. 'अमरगीत' १९५१चं, 'कलश' १९५८चा, 'धरतीमाता' १९६३चा. १९६१च्या 'प्रपंच' चित्रपटात भूमिका. १९६९च्या ऑगस्टमध्ये अपघातात गेले. वय बावन्न. त्यांची मुलगी मल्लिका अमर शेख मराठीतली नावाजलेली कवयित्री.

दोन गोष्टींवर मी अडखळलो. पहिली नावाची. 'पटेल' हे आडनाव आपल्याकडे कुणाचंही असू शकतं. लपायचं असतं तर ते सोयीचं होतं. या माणसाने पटेल सोडलं आणि शेख घेतलं, आणि त्याच नावाने महाराष्ट्र जागा केला. लाखांच्या सभांमध्ये कुणाला त्या नावाची अडचण झाली नाही. त्याच्याही आधी पेशवाईच्या अखेरीस सगनभाऊ शिकलगार होता, लावण्या मराठीत करत होता. त्याच्याही आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आणि आज एक माणूस माझ्या भाच्याला सांगतो की तुमच्या नावाला मराठीत मार्केट नाही. बाजाराची नजर लांबची नसते, एवढंच यातून मी घेतलं.

दुसरी गोष्ट 'स्वतंत्र' या शब्दाची. आजकाल अशा कलावंतांना 'इंडी' म्हणतात, म्हणजे कंपनीच्या दावणीला न बांधलेला. या अर्थाने अमर शेखही कंपनीचे नव्हते. पण ते एकटेही नव्हते. त्यांच्यामागे युनियन होती, पक्ष होता, कलापथकातले साथी होते, चाळीत जेवायला वाढणारी घरं होती. त्या बदल्यात पक्षाची शिस्त होती आणि तिचा काचही असणार. माझ्या भाच्याला काच नाही, पण जेवायला वाढणारं घरही एकच, माझ्या बहिणीचं. त्याच्या स्वातंत्र्याचा सगळा खर्च एक बाई शिवणयंत्रावर बसून भागवते आहे. हे त्याला दिसत होतं की नाही, ठाऊक नाही. मला तोवर दिसलं नव्हतं.

कायद्यात मात्र एक दार सापडलं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराने गाण्याचे हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. तसं लिहून दिलं तरी चालत नाही. तो वाटा फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांसाठी 'आयपीआरएस' ही संस्था आहे. अमर शेख गेले त्याच वर्षी, १९६९मध्ये ती स्थापन झाली. भाच्याला हे ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, आणि कंपनीच्या माणसाने सांगण्याचं कारण नव्हतं. आम्ही बसून त्याच्या सभासदत्वाचा अर्ज भरला, सातही गाण्यांची नोंद करायला घेतली. पैसे फार येतील असं नाही. गाणं परत येणार नाही, हे तर नक्कीच. पण लिहिणारा कोण, चाल कुणाची, हे कुठेतरी पूर्ण नावानिशी लिहिलेलं राहील.

तुमच्या घरात असं गाणारं, लिहिणारं पोर असेल तर एवढं करा. कागद आला की सही करायच्या आधी 'कायमचे' हा शब्द शोधा. इंग्रजी येत नसेल तर वकिलाला हजार रुपये द्या. आणि माझ्यासारखा मामू "घेऊन टाक" म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

बहिणीला मी काय सांगितलं? दोन वर्षं दे, म्हटलं. भाच्याला सांगितलं, सकाळचे चार तास मेडिकलमध्ये उभा राहा आणि घरात पैसे दे. गाण्यासाठी नाही, आईसाठी. त्याने तोंड वाकडं केलं, पण गेला. अमर शेखांनीही क्लीनरचं काम केलं होतं, हे मी बोललो नाही. मोठ्या माणसांचे दाखले देऊन अब्बांनी मला कधी समजावलं नव्हतं, तेवढा गुण मी घेतला.

डिसेंबरात त्याने एका ओळखीच्यांच्या हॉलवर बैठक ठेवली. तिकीट शंभर रुपये. शाल-नारळ नाही. मी दारात बसून तिकिटं फाडली. चाळीस माणसं आली. त्यातली निम्मी ओळखीची, पण पैसे सगळ्यांनी दिले. बहीण शेवटच्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन, वेळ पडली तर लगेच निघता यावं अशी कडेला बसली होती. निघाली नाही.

शेवटी फर्माइशी सुरू झाल्या. कुणी काय, कुणी काय. मग मागून तिचाच आवाज आला, "वो नानीवाला गा रे."

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली, गल्ल्याच्या डब्याकडे बघितलं.

"ते आपल्याकडे नाही आता, अम्मी," तो माईकवर म्हणाला, साध्या आवाजात, कुणाला दोष न देता. "दुसरं लिहितोय. अजून अर्धंच झालंय."

"मग अर्धंच गा," ती म्हणाली.

त्याने ते अर्धं गायलं.