पहिल्या प्रवासाची सिद्धता

आमच्या मागच्या पिढ्यांत कोणाकडेही स्वतःची मोटार नव्हती. प्रवास म्हणजे एस.टी., आणि तयारी म्हणजे सुटे पैसे व जागा धरण्यासाठी खिडकीतून टाकावयाचा रुमाल. त्यामुळे जुनी का होईना, चारचाकी दारात उभी राहिली तेव्हा तिच्यातून बाहेरगावी जाण्यापूर्वी काय काय करावे, हे आम्हां उभयतांना सांगणारे वडीलधारे कोणी नव्हते. वेरूळला जाऊन त्याच दिवशी परतावयाचे ठरले. विश्वकर्मा म्हणून ओळखले जाणारे दहावे लेणे, तेथील चैत्यगृह आणि बुद्धमूर्ती पाहावी, ही आईंची फार दिवसांची इच्छा. लेणी मंगळवारी बंद असतात; म्हणून बुधवार निवडला.

आधी चाके. टायरमधील हवा गाडी थंड असतानाच तपासावी. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. किती हवा भरावी हे बहुधा चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर छापलेले असते. पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर सोडू नये. स्टेपनीतही हवा लागते, ही गोष्ट पुष्कळांना ती लावण्याच्या वेळीच समजते. आम्ही दारातच एकदा चाक बदलून पाहिले. नट आधी सैल करावयाचे आणि मग जॅक लावावयाचा. गाडी उचलल्यावर चाक मोकळे फिरते आणि नट हलत नाहीत. या कसरतीला आळीतील निम्मे प्रेक्षक जमले होते. इंजिन ऑइल, कूलंट, वायपरचे पाणी, दिवे, विमा, पीयूसी यांत फारसा वेळ गेला नाही.

वाटेचा विचार मात्र पुष्कळ केला. इमामपूरचा घाट, घोडेगाव, वडाळा, नेवासा फाटा, प्रवरासंगम, मग गोदावरीवरील पूल. दिवस उसाच्या गळिताचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर या रस्त्याने जातात आणि अंधारात मागची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. नवख्या हातांनी रात्री त्यांच्यामागे असू नये, म्हणून लेण्यांतून दुपारीच निघावयाचे ठरविले. अजिंठाही त्याच फेरीत उरकण्याची नातलगांची सूचना आम्ही नम्रपणे बाजूस ठेवली.

राहिला पाण्याचा प्रश्न. आईंनी वीस लिटरचा जार धुऊन ठेवला होता. वाटेत हवे तेथे बाटली मिळते, असे आम्ही सांगून पाहिले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लहानपणी गावच्या आडात त्यांना पोहरा सोडता येत नसे. कोणी वरून ओतील तेव्हा घागर भरे.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनातील पहिला प्रसंग प्रवासाच्या तयारीचाच आहे. साल 1901च्या सुमाराचे, वय नऊ वर्षांचे. वडिलांकडे गोरेगावला जावयाचे म्हणून मुलांना नवे सदरे, टोप्या, जोडे, रेशीमकाठी धोतरे घेतली होती. मसूर स्थानकावर जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही बैलगाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे, या अटीवर. शिदोरी बरोबर होती, पाणी नव्हते. रात्री टोलनाक्यावर मागितले, तेथेही मिळाले नाही. शिदोरी तशीच राहिली आणि मुले उपाशी निजली. 1934मध्ये सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास ते निघाले, तेव्हा दौलताबादच्या किल्ल्याशी हौदातील पाण्याने हातपाय धुतले म्हणून गहजब झाला. आम्हांला वेरूळला जावयाचे होते ते याच किल्ल्याच्या पायथ्यावरून. हा मजकूर आम्ही वसतिगृहात असताना वाचला होता. आईंनी तो कधीच वाचलेला नव्हता.

आम्ही पुन्हा बाटल्यांचे नाव काढले नाही. टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे भरले, डिकीत स्टेपनीशेजारी जॅक आणि पाना ठेवला. जार डिकीत ठेवण्यास आईंची संमती नव्हती; तहान लागल्यावर गाडी थांबवून डिकी कोण उघडणार, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. तो मागच्या आसनावर त्यांच्या शेजारी बसविला. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावयाचा असतो, हे आम्ही त्यांना समजावून दिले, तेव्हा त्यांनी आधी जारचा पट्टा लावला आणि मग स्वतःचा.